शेजाऱ्याच्या नकाशावर सापडलेला पूर्वज

माझ्या सासऱ्यांच्या घरात, जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर, घराण्याच्या इतिहासाचे एक टंकलिखित पान चौकटीत लावलेले आहे. त्यात असे म्हटले आहे की घराण्याचा मूळपुरुष जर्मनीतल्या पॅलॅटिनेट प्रदेशातून १७३८ मध्ये फिलाडेल्फियाला उतरला, त्याने आज पेन्सिल्व्हेनियाच्या लेबनन काउंटीत असलेली दीडशे एकर जमीन थेट विल्यम पेनच्या, म्हणजे त्या प्रांताच्या मालकाच्या, मुलांकडून विकत घेतली आणि निर्मनुष्य अरण्य तोडून तिथे शेती उभी केली. पानावर कोणाची सही नाही, तारीख नाही, आणि ही माहिती कुठून मिळाली याचा एका शब्दाने उल्लेख नाही. लग्न होऊन लँकेस्टरला आल्यावर पहिल्याच रविवारी मी ते पान वाचले होते. पण ते पडताळून पाहावे असे मनात यायला त्यानंतर अकरा वर्षे जावी लागली. या तपासात पानातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट थोडी थोडी चुकीची निघाली. सासऱ्यांच्या इच्छेनुसार आडनाव येथे देत नाही.

जहाजांच्या याद्यांपासून सुरुवात करावी असे कोणालाही वाटेल, तसे मलाही वाटले. सप्टेंबर १७२७ पासून फिलाडेल्फियाला येणाऱ्या जर्मन जहाजांवरच्या सोळा वर्षे आणि त्यापुढच्या पुरुषांना इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेऊन सही करावी लागे, आणि त्या सह्यांचे कागद टिकून आहेत. काही जहाजांच्या तर तीन तीन याद्या आहेत: एक कप्तानाने दिलेली आणि दोन निरनिराळ्या शपथांच्या. कप्तान इंग्रज असल्याने त्याच्या यादीत नावे कानाला ऐकू आली तशी लिहिलेली असतात. शपथेच्या याद्यांवर मात्र ज्याला लिहिता येत होते त्याने स्वतःच्या हाताने, जर्मन वळणाच्या लिपीत, सही केलेली असते, आणि ज्याला येत नव्हते त्याच्या नावासमोर फुली असते. अशा याद्यांत मला आमच्या पूर्वजाच्या नावाचे चार पुरुष सापडले. पहिला १७३२ चा होता, दुसरा १७३८ चा, तिसरा १७४९ चा आणि चौथा १७५३ चा. ते पान लिहिणाऱ्याने त्यांतला १७३८ चा का निवडला असेल, हे कळायला मार्ग नव्हता.

या जर्मन नावांचा गोंधळ दुहेरी आहे. घरातल्या सगळ्या मुलांचे पहिले नाव बहुधा योहान आणि दुसरे नाव हाक मारण्याचे, अशी पद्धत असल्यामुळे पाच भाऊ कागदावर पाच योहान असतात. आडनाव तर आणखी निसरडे. त्या भागातल्या जर्मन बोलीत ब आणि प, द आणि त, ग आणि क यांच्यातला भेद इंग्रजी कानाला नीट जाणवत नसे, त्यामुळे एकच माणूस एका कारकुनाच्या वहीत ‘ब’खाली आणि दुसऱ्याच्या वहीत ‘प’खाली बसलेला असतो. काहींनी आडनावाचे सरळ भाषांतर केले: त्सिमरमान म्हणजे सुतार, म्हणून तो झाला कार्पेंटर, श्मिट झाला स्मिथ. काहींचा उच्चार घासत घासत बदलला, जसे म्युलरचे मिलर. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचा पूर्वज १७३८ मध्ये आला तेव्हा आंद्रेआस हूबर होता. आमच्या घराण्याच्या आडनावाची मला आतापर्यंत सात रूपे सापडली आहेत, आणि त्यांतली तीन एकाच कागदावर आहेत.

माझे वडील सातारा जिल्ह्यात तलाठी होते आणि त्याच कामातून निवृत्त झाले. दर रविवारी होणाऱ्या फोनवर मी त्यांच्याजवळ ही रड गायिली, तेव्हा ते म्हणाले, “अगं, माणूस कशाला हुडकतीस? शेत हुडक. माणूस हलतो, शेत हलत न्हाई.” वारस नोंदीच्या वादात चार चार सखाराम समोर उभे राहिले की ते हेच करत असत, कोणता सखाराम कोणाचा मुलगा हे विचारण्याआधी कोणता सखाराम कोणत्या बांधाला बांध लावून होता ते पाहत. पुढचे दीड वर्ष मी तेवढेच केले.

मात्र शेत हलत नसले तरी त्याच्याभोवतालचा जिल्हा हलतो, ही गोष्ट मी अगदी बाळबोधपणे विसरले. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि जमिनीची खरेदीखते काउंटीच्या रेकॉर्डर ऑफ डीड्सच्या कचेरीत, म्हणजे आपल्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीसारख्या ठिकाणी, मोठ्या वह्यांत उतरवून ठेवलेली असतात. मी लेबननच्या कचेरीत सुट्ट्या घालवल्या आणि १८१३ च्या आधीचे एकही खत मला मिळाले नाही. मिळणार कसे? लेबनन काउंटी निर्माणच १८१३ मध्ये झाली. त्याआधी १७८५ पासून ते शेत डॉफिन काउंटीत होते, ज्याचे मुख्य ठिकाण हॅरिसबर्ग. १७२९ पासून १७८५ पर्यंत लँकेस्टर काउंटीत. आणि त्याच्याही आधी तो सगळा मुलूख चेस्टर काउंटीत मोडत असे. म्हणजे एका कुटुंबाने जागचे न हलता शंभर वर्षांत तीन काउंट्यांत कागद सोडले. ठाणे जिल्ह्यातून २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला तेव्हा लोकांनी जुन्या कागदांसाठी कुठे जायचे याची जी चौकशी केली असेल, तीच ही. जुन्या वह्या नव्या काउंटीला दिल्या जात नाहीत. त्या जिथे लिहिल्या गेल्या तिथेच राहतात.

वह्यांची सूची हा स्वतंत्र शिकण्याचा विषय आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या अनेक काउंट्यांत ती सरळ वर्णानुक्रमे नसून रसेल नावाच्या पद्धतीने लावलेली आहे. आडनावाचे पहिले अक्षर सोडून पुढे एल, एम, एन, आर, टी या पाच अक्षरांपैकी जे आधी येईल, त्या अक्षराच्या रकान्यात ते आडनाव जाते. मिलर ‘एम’च्या विभागात, पण ‘एल’च्या रकान्यात; स्नायडर ‘एस’च्या विभागात, पण ‘एन’च्या रकान्यात. पहिल्या दिवशी ही पद्धत मला छळासारखी वाटली. नंतर लक्षात आले की स्वरांच्या वाटेल त्या उलटसुलट लेखनाला ही पद्धत पुरून उरते, कारण तिला स्वरांशी कर्तव्यच नाही. आमच्या सातांपैकी चार रूपे एकाच रकान्यात आली. पहिले अक्षरच बदलले असेल तर मात्र तिचाही इलाज चालत नाही, आणि ‘ब’ व ‘प’ अशा दोन्ही विभागांत शोधण्याशिवाय गत्यंतर नसते.

हॅरिसबर्गला, डॉफिनच्या वहीत, जे खत मिळाले ते १७९१ चे होते, आणि वाचताच माझ्या तोंडून मोठ्याने “हक्कसोडपत्र!” असा शब्द गेला, ज्याचा अर्थ त्या खोलीत दुसऱ्या कोणालाही कळला नाही. ते अक्षरशः हक्कसोडपत्रच होते. आमचा मूळपुरुष मृत्युपत्र न करता वारला होता. पेन्सिल्व्हेनियाच्या त्या वेळच्या कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर थोरल्या मुलाला दुप्पट वाटा आणि बाकीच्या सर्व मुलामुलींना एकेक वाटा मिळत असे. थोरल्याचा हा जादा वाटा १७९४ मध्ये रद्द झाला. दीडशे एकरांचे आठ तुकडे करण्यात अर्थ नसल्याने ऑर्फन्स कोर्टाने जमिनीची किंमत ठरवून घेतली, थोरल्याने जमीन ठेवली आणि भावंडांना पैसे दिले. (नाव अनाथांचे असले तरी या न्यायालयात मृतांच्या मालमत्तेची वाटणी होत असे.) भावंडांनी पैसे मिळाल्याबद्दल जे लिहून दिले, ते हे खत. त्यात सहाही भावंडांची नावे आहेत, आणि बहिणींची नावे त्यांच्या नवऱ्यांच्या नावांसह आहेत. चर्चच्या नोंदींत लग्नानंतर हरवलेल्या दोन मुली मला येथे सापडल्या. थोरल्याला झुकते माप असले तरी मुलींना वाटा होता आणि त्याचे पैसे मोजून दिल्याची नोंद होती, हे वाचताना महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः समान हक्क मिळायला १९९४ साल उजाडले, हे आठवल्याखेरीज राहिले नाही; आणि त्यानंतरही हक्कसोडपत्रावर सही करून रिकाम्या हाताने माहेरून परतलेल्या किती बहिणी माझ्या वडिलांनी पाहिल्या असतील, हेही.

त्याच खताच्या शेवटी आणखी एक परिच्छेद आहे, जो सहसा कोणी वाचत नाही. नवऱ्याच्या जमिनीत बायकोचाही हक्क असल्यामुळे विक्रीच्या वेळी न्यायाधीश तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन, खताचा मजकूर समजावून, तू हे दडपणाशिवाय करते आहेस ना, असे विचारत असे, आणि तसे विचारल्याचे खतावर लिहून ठेवी. त्या चौकशीतून किती स्त्रिया खरोखर नाही म्हणू शकल्या असतील, याविषयी मी फारशी आशावादी नाही. पण वंशावळ शोधणाऱ्याला हा परिच्छेद सोन्यासारखा आहे, कारण सारख्या नावाच्या दोन पुरुषांना वेगळे करण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग ठरतो. एका योहानची बायको आन्ना मारिया आणि दुसऱ्याची बार्बारा असेल, तर कोणती जमीन कोणाची होती हे तिच्या उभ्या राहण्यावरून कळते.

सह्यांविषयी एक गंमत सांगायला हवी. काउंटीच्या वहीतले खत ही कारकुनाने केलेली नक्कल असते. मूळ कागद मालकाकडे परत जातो. सगळे खत इंग्रजीत, पण भावंडांपैकी दोघांनी सही जर्मन लिपीत केलेली. कारकुनाला ती लिपी येत नव्हती, म्हणून त्याने ती वाचली नाही, तर चित्र काढावे तशी पाहून पाहून वहीत काढली. मोडी न येणाऱ्याने मोडीतल्या ओळीवर पेन्सिल फिरवावी, तसे ते दिसते. त्या लिपीतला ‘ई’ आपल्या डोळ्यांना ‘एन’ दिसतो, हे एकदा पक्के झाले की चित्रातूनही नाव वाचता येते. तीन वेगळी आडनावे असलेला कागद तो हाच: मजकुरात एक रूप, बाहेरच्या शेऱ्यात दुसरे आणि या चितारलेल्या सहीत तिसरे, म्हणजे त्यांचे स्वतःचे.

खतात जमीन विकणाऱ्याकडे ती कशी आली याचा पूर्वेतिहास सांगण्याची प्रथा आहे, आणि खरा धक्का तिथे होता. भिंतीवरचे पान म्हणत होते की मूळपुरुषाने जमीन थेट पेनच्या मुलांकडून घेतली. खत म्हणत होते की पेनच्या मुलांकडून वॉरंट, म्हणजे जमीन मोजून देण्याचा हुकूम, घेतले ते दुसऱ्याच एका जर्मन माणसाने, आणि आमच्या मूळपुरुषाने ती त्या माणसाकडून साध्या कराराने विकत घेतली. त्या कराराची नोंद कुठल्याही वहीत नाही. खत नोंदवण्याची सक्ती नव्हती, नोंदणीला पैसे पडत, आणि कचेरी घोड्यावरून दिवसभराच्या अंतरावर होती. त्यामुळे कागद पेटीत ठेवून दोन दोन पिढ्या निघून जात आणि पुढे कधी विक्री किंवा वाटणी अडली की मगच सगळे एकदम नोंदवले जाई.

येथे पेन्सिल्व्हेनियाच्या जमिनीची मूळ व्यवस्था थोडी सांगायला हवी. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६८१ मध्ये हा सगळा प्रांत विल्यम पेनला सनद करून दिला. पेनच्या वडिलांचे राजाकडे सोळा हजार पौंड येणे होते, ते असे फिटले. म्हणजे प्रांतातली एकूण एक जमीन एका घराण्याची खासगी मालमत्ता होती, आणि प्रत्येक शेताचा पहिला विक्रेता पेन घराणेच. ही पहिली विक्री काउंटीत नव्हे, तर प्रांताच्या लँड ऑफिसात होई, आणि तिचे कागद आज हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात आहेत. तिचे पाच टप्पे होते: अर्ज, मोजणीचा हुकूम म्हणजे वॉरंट, प्रत्यक्ष मोजणी, मोजणी लँड ऑफिसात दाखल झाल्याचे रिटर्न, आणि सर्वांत शेवटी मालकीचे पेटंट. १७३० च्या दशकापासून १७६५ पर्यंत दर शंभर एकरांना पंधरा पौंड दहा शिलिंग असा होता, शिवाय एकरी अर्धा पेनी वार्षिक सारा. दीडशे एकरांना सव्वातेवीस पौंड झाले. प्रत्येक टप्प्याची फी वेगळी असल्यामुळे पुष्कळ जण मोजणीपर्यंत येऊन थांबत आणि पेटंट नातवाच्या वेळी निघे. मधल्या काळात जमीन हातोहात जाई. त्यामुळे वॉरंट घेणारा, कसणारा आणि पेटंट मिळालेला असे तीन वेगळे लोक एकाच शेताच्या कागदांवर असणे ही नेहमीची बाब आहे, आणि वॉरंटच्या सूचीत आपल्या पूर्वजाचे नाव नाही म्हणून तो तिथे नव्हता असे समजून लोक शोध सोडून देतात. मीही बहुधा सोडला असता.

मला वाचवले ते चतुःसीमेने. त्या वेळच्या मोजणीत जमिनीला क्रमांक नाही. ती झाडांनी आणि शेजाऱ्यांनी ओळखली जाते. पांढऱ्या ओकपासून निघावे, अमुक अंशांच्या दिशेने अमुक इतके पर्च (हे लांबीचे माप) जावे, तिथे हिकरीचे झाड लागेल. तिथून वळावे, अमक्याच्या जमिनीला लागून खुंटापर्यंत जावे, पुढे दगडांच्या राशीपर्यंत, आणि असे करत पुन्हा पांढऱ्या ओकपाशी यावे. मोजणीदार आकृती काढून प्रत्येक बाजूवर शेजाऱ्याचे नाव लिहितो. वडील म्हणाले तसे मी माणसाला सोडून शेताभोवती फिरू लागले, शेजारच्या प्रत्येक वॉरंटची मोजणी काढून पाहिली, आणि पूर्वेकडच्या शेजाऱ्याच्या १७५५ च्या आकृतीत पश्चिमेच्या रेषेवर, बारीक अक्षरात, ‘ब’ने सुरू होणाऱ्या रूपात आमच्या पूर्वजाचे नाव लिहिलेले होते. स्वतःच्या नावाचा एकही कागद नसलेला तो माणूस शेजाऱ्याच्या नकाशाच्या कडेला राहत होता. उत्तरेच्या शेजाऱ्याच्या १७५७ च्या आकृतीतही तो होता, यावेळी ‘प’ने.

मग मी सर्व आकृत्या एका प्रमाणात कागदावर काढून, कापून, एकमेकींना जोडायला घेतल्या. त्यासाठी पर्चचे गणित शिकावे लागले आणि त्यात एक अनपेक्षित आनंद मिळाला. एक पर्च म्हणजे साडेसोळा फूट, आणि एकशे साठ चौरस पर्च म्हणजे एक एकर. आपला गुंठा तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. तेहतीस म्हणजे साडेसोळाची दुप्पट. म्हणजे एक गुंठा बरोबर चार चौरस पर्चांचा होतो, एका इंचाचाही फरक नाही. दोन्हीकडे इंग्रजांचाच एकर पोहोचला, एवढेच याचे कारण. तरी पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन शेतकऱ्याची जमीन माझ्या वडिलांना फोनवर गुंठ्यांत सांगता येत होती, याचे मला फार अप्रूप वाटले.

आकृती काही जुळेना. काउंटीच्या खतातले सगळे अंश आणि पर्च काळजीपूर्वक काढले तरी शेवटची रेषा पहिल्या ओकपाशी येत नव्हती. चौदा पर्चांची, म्हणजे २३१ फुटांची फट राहत होती. वडिलांना सांगितले तर ते म्हणाले, “मग बांध कुणी कोरला?” कोणीच कोरला नव्हता. अभिलेखागारातल्या मूळ मोजणीशी ताडून पाहिल्यावर कळले की काउंटीच्या कारकुनाने नक्कल करताना चौदा पर्चांची एक छोटी बाजू गाळली होती. ती घातल्यावर आकृती मिटली, पण क्षेत्रफळ दीडशेऐवजी १५९ एकर भरू लागले. त्याचाही खुलासा मोजणीच्याच कागदावर होता: रस्त्यांसाठी शेकडा सहा एकरांची सूट देऊन जमीन मोजली जाई, आणि नऊ एकर त्या सुटीचे होते.

तुकडे जुळले तेव्हा माझ्यासमोर १७५० च्या दशकातली सात शेते आणि सात कुटुंबे होती, आणि जहाजांच्या याद्यांकडे मी आता निराळ्या नजरेने परतले. एकटे नाव चार ठिकाणी सापडत होते. पण १७४९ च्या यादीत त्या नावाच्या लागून वर आणि दोन ओळी खाली आमच्या पूर्वेच्या आणि उत्तरेच्या शेजाऱ्यांची नावे होती, सहीसकट. जहाजावर रांगेत एकमेकांच्या पुढेमागे उभे राहिलेले लोक पुढे बांधाला बांध लावून राहिले. १७३८ चा माणूस आमचा नव्हे. बायकोच्या नावावरून त्याचा माग यॉर्क काउंटीत लागला, आणि तो तिथेच कसत राहिला होता. शेजाऱ्यांपैकी एकाचे मूळ गाव आधीच माहीत होते. लोक सहसा गावकऱ्यांबरोबर निघत, म्हणून त्याच गावच्या चर्चची वही पाहिली, आणि तिथे आमच्या मूळपुरुषाचा बाप्तिस्मा सापडला. त्याचे वडील भूदास होते. पॅलॅटिनेटमध्ये अनेकांना गाव सोडण्याआधी आपल्या सरदाराला पैसे भरून स्वतःची सुटका करून घ्यावी लागे.

तारखांबद्दल येथेच एक इशारा देते, कारण मी त्यात एकदा फसले. १७५२ पर्यंत इंग्रजी मुलखात जुनी दिनदर्शिका चालू होती आणि कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट राज्यांनी सुधारित दिनदर्शिका १७०० मध्येच स्वीकारलेली होती. म्हणजे जर्मनीहून निघालेला प्रवासी फिलाडेल्फियाला उतरला की अकरा दिवस मागे जात असे. फेब्रुवारी १७४९ अशी पेन्सिल्व्हेनियातली तारीख आपल्या हिशेबाने १७५० ची असते. एका शेजाऱ्याचे मूल त्याच्या लग्नाच्या आधी जन्मलेले मला दिसत होते ते याचमुळे, आणि त्या बिचाऱ्या जोडप्याविषयी मी उगाच काय काय कल्पना केल्या होत्या.

राहिले ते निर्मनुष्य अरण्य. पानातला हा शब्द सासऱ्यांना फार प्रिय होता, आणि त्याविषयी त्यांच्याशी बोलणे मी बरेच दिवस टाळले. त्याच भागातल्या तुल्पेहॉकेन ओढ्याच्या खोऱ्यात न्यू यॉर्कच्या स्कोहारी भागातून जर्मन कुटुंबे १७२३ मध्ये येऊन बसली तेव्हा ती जमीन तिथल्या मूळनिवासी लेनापे लोकांची होती आणि पेन घराण्याने ती त्यांच्याकडून घेतलेलीही नव्हती. लेनापेंचा प्रमुख सासूनान याने १७२८ मध्ये फिलाडेल्फियाला येऊन याबद्दल तक्रार केली, आणि पेन घराण्याने खरेदी केली ती १७३२ मध्ये, वस्ती झाल्यावर नऊ वर्षांनी. आमच्या सात शेतांच्या सगळ्या पेटंटांचा पूर्वेतिहास पेनपासून सुरू होतो. त्याच्या आधीचा मालक एकाही कागदावर नाही. इतका काटेकोर कागद ठेवणाऱ्या कचेरीने नेमकी ही एक ओळ गाळावी, याला मी नक्कल करणाऱ्या कारकुनाची चूक म्हणू शकत नाही. सासऱ्यांनी ऐकून घेतले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि नंतर पेन्सिलीने चौकटीच्या काचेवरच त्या शब्दाखाली रेघ ओढली. तारखेबद्दल मात्र ते अजूनही अधूनमधून हुज्जत घालतात. अकरा वर्षे कमी झाल्याचे त्यांना अधिक लागले असावे.

गेल्या ऑक्टोबरमध्ये सासरे आणि मी ते शेत पाहायला गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते दुसऱ्या कुटुंबाकडे आहे. आता तिथे मका आणि सोयाबीन होते, आणि दक्षिणेचा कोपरा महामार्गात गेला आहे. मालकाला आधी फोन केला होता. मी १७५५ ची आकृती, १७९१ चे खत आणि शेवटच्या विक्रीचे खत असे तीन कागद बरोबर घेतले होते. पहिल्यात पूर्वेचा कोपरा पांढरा ओक आहे, दुसऱ्यात पांढऱ्या ओकचा बुंधा, आणि तिसऱ्यात ‘पूर्वी जिथे पांढरा ओक होता तिथला दगड’. तो दगड मालकाला ठाऊक होता, कारण त्याच्या नांगराचा फाळ त्यावर दोनदा मोडला होता. मक्याच्या दोन ताटव्यांमध्ये गुडघाभर गवतात तो होता, एका बाजूने थोडा कलंडलेला. सासरे त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी मला विचारले, “यातली आपली बाजू कोणती?” मी आकृती उलगडली, उत्तर दिशा जुळवून धरली आणि पश्चिमेकडे हात केला. ते दगडाला वळसा घालून त्या बाजूला गेले.